दारात थोडी थंडी वाजली पाहिजे

सिंदी (मेघे), वर्धा
२८ डिसेंबर २०२५, रविवार, सकाळचे सव्वानऊ

प्रिय नलू,

तुला पोटभर आशीर्वाद, जवाईबापूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याला तिळाचं तेल लागू पडलं का? यवतमाळची थंडी आमच्याहून जास्त की कमी, तेही कळव.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? अगं, फोनवर मी काही सांगायला तोंड उघडलं की तू विचारतेस, "दादा, जेवलास का?" मग वांग्याची भाजी, भाजीवरून सूनबाई सुरभी, सुरभीवरून नातीची, वर्षालीची दहावी. फोन ठेवल्यावर लक्षात येतं, सांगायचं ते राहिलंच. दोन गोष्टी आहेत. एक आनंदाची, ती आधी. दुसरीचं मग पाहू.

नलू, करीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आमची सायकलींची टोळी आपल्या गावाहून अल्लीपूरला जाणार आहे! तोच रस्ता! सायकली टेम्पोत टाकून गावापर्यंत न्यायच्या आणि तिथून पाच मैल पायडल मारत थेट तुझ्या शाळेच्या फाटकापर्यंत. सुरभीची सायकल मी तुझ्यासाठी तेल पाजून, पुसून तयार ठेवली आहे. सीट खाली घेतली आहे, पाय जमिनीला टेकतील. संक्रांतीला तू येणारच आहेस, चार दिवस आधी ये. मैदानात दोन चकरा मारल्यास की अंगाला आपोआप आठवेल. नाही म्हणू नकोस. आधी सगळं पत्र वाच, मग हवं तर नाही म्हण.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे खूळ कुठून, तर सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, चालून गुडघे दुखतात ना? सायकल चालवा." झालं! सचिननं दिवाळीला गिअरची सायकल आणली, आणि सोबत कपडे. काय सांगू त्या कपड्यांचं! अंगाला चिकटलेले, काळे, चकचकीत; माझ्या पोटाचा आकार साऱ्या वर्ध्याला कळावा एवढ्यासाठीच शिवलेले. आणि शर्टाला खिसे पाठीवर. मी म्हटलं, सचिन, मागून येणाऱ्यानं सुपारी काढून खायची का रे? पण पोरानं हौसेनं आणलेलं, म्हणून घालून निघालो. फाटकातच डोमाजी भेटला. आमच्याच गल्लीतला, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नत्थूजी, सर्कस कुठी लागली बा? तिकीट केवढ्याचं हाय?"

दुसऱ्या दिवशी उलट केलं. थंडी कडाक्याची होती, म्हणून दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर ती लग्नात मिळालेली शाल. डोमाजी पुन्हा फाटकात. "शाल त दिसून राह्यली, नारळ कुठी हाय? सत्कार कोनाचा हाय आज?" त्याच्याकडे लक्ष न देता निघालो तर रेल्वे पुलाच्या चढावर घामानं चिंब झालो, उतारावर तोच घाम बर्फ झाला, आणि शालीचं टोक चेननं असं गिळलं की मला रस्त्यातच उतरून स्वतःला सोडवून घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मात्र शिकलो. आता ऐक माझा थाट. रोजचाच पांढरा पायजमा, आणि पायाच्या घोट्याशी सुरभीचे कपडे वाळत घालायचे चिमटे, गुलाबी! वर साधी बंडी, तिच्यावर बिनबाह्यांचं स्वेटर, आणि सगळ्यांवर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. कानावर माकडटोपी. हातात सचिनचे मोटरसायकलचे जुने हातमोजे. बस! यात मी बँकेत जाऊ शकतो, भाजी आणू शकतो, कोणाच्या मयतीलाही जाऊ शकतो. कपडे बदलायला घरी यावं लागत नाही. डोमाजीनंही तोंड मिटलं आणि चौथ्या दिवशी स्वतःची जुनी सायकल काढून मागे लागला. आता आम्ही सहा जण आहोत.

एक गुपित सांगतो. दारातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर समजावं, जास्त घातलंय, पुढे घाम येणार. थोडं कुडकुडत निघालं की पहिल्या मैलानंतर शरीर स्वतःच शेगडी पेटवतं.

आणि सदऱ्याच्या आत, छातीशी, घडी केलेला कालचा पेपर. वारा आत येत नाही की नाही पाहा. हे मला कोणी शिकवलं, ते तुला सांगायला नको.

सकाळी सेवाग्रामच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या दिसतात, कापसाची बोंडं दवानं जड होऊन वाकलेली असतात, आणि धुकं असं की पुढची सायकल दिसत नाही, नुसती तिची घंटी ऐकू येते. आपला श्वास आपल्यापुढे धावतो. अशा वेळी माझ्या ओठावर एकच कविता येते:

धुक्याआडची वाट दिसेना, वाट तरीही आहे,
चालत जाई त्याच्यासाठी उजेड थोडा राहे.

पहिला अर्धा चरण उजव्या पायडलवर, दुसरा डाव्यावर. काय चाल बसते! टोळीला म्हणून दाखवली तर डोमाजीसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "नत्थूजी, शाळेतली दिसते." मी मान हलवली. शाळेतली होती खरी, पण माझ्या नव्हे. तुझ्या मराठीच्या गुरुजींनी स्वतः रचलेली, तुमच्या वर्गाला पाठ दिलेली. मी ती तुझ्या तोंडून ऐकून ऐकून उचलली. हेही मी कोणाला सांगितलं नाही. पाहा, एकेक निघतं आहे.

सुरभी जेवायला हाक मारते आहे. उरलेलं उद्या.


३० डिसेंबर, मंगळवार

उद्याचा परवा झाला. काल पत्र काढलं आणि नुसतंच वाचलं. आज लिहितो, कारण ज्या सकाळी हे पत्र लिहायचं ठरलं ती सकाळ तुला सांगायची राहिली.

मागच्या गुरुवारी खूप धुकं होतं. टोळी मागे राहिली, मी एकटाच पुढे. अचानक समोर धुक्यात एक सायकल दिसली. चालवणारी बाई. लुगड्यावर पुरुषाचा ढगळ, पूर्ण बाह्यांचा सदरा, बाह्या मनगटावर दुमडलेल्या, डोक्याला मफलर गुंडाळलेला. पाठ ताठ. नलू, मला काय झालं कोण जाणे, मी गळा फाडून ओरडलो, "नलूऽऽ!"

ती थांबली. मी जवळ गेलो तर कोणी आनंदाबाई. साठीच्या असतील. रोज कापूस वेचायला जातात.

"कोनाले आवाज देऊन राह्यले, बाबाजी?"

मी ओशाळलो. म्हटलं, "माझ्या बहिणीला. ती असाच सदरा घालून सायकल चालवायची."

"चालवाची म्हंजे? आता नाई का?"

"आता नाही. सत्तावन्न वर्षं झाली."

"हा सदरा आमच्या मालकाचा," त्या बाही ताणत म्हणाल्या. "कापसाचे काटे लागत नाई आन् थंडीबी. लेक म्हने, आई, लोकं हासतेत. म्या म्हटलं, हासू दे. थंडी मले वाजते का त्याइले?"

नलू, मी सायकलवर बसल्या बसल्या गारठलो. ते वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. कुठे, ते सांगतो, थांब.

"काऊन बंद केली मंग सायकल तिनं?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो की आमच्या वडिलांनी... त्या काळी... आनंदाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर खोटं कारण सांगणाऱ्या पोराकडे पाहतो. म्हणाल्या, "जे हाय ते तिले सांगा ना. मले काऊन सांगता?" आणि घंटी वाजवत धुक्यात निघून गेल्या.

तर सांगतो.

तू नववीत होतीस. मी हिंगणघाटला कॉलेजात, एसटीनं जाणारा, त्यामुळे माझी सायकल घरी रिकामी. शाळा सकाळची, थंडी अशी की विहिरीवर वाफ दिसायची. तुझ्याकडे स्वेटर नव्हतं. बाबाचा निळ्या रेघांचा सदरा तू परकर-पोलक्यावर चढवायचीस, कापूस वेचणाऱ्या बाया घालतात तसा, आणि आत पेपर. "बाबा, आज मी बातम्या घालून चालली!" म्हणायचीस, आणि बाबा गोठ्यात हसायचा. जानेवारीत शाळेचं संमेलन होतं, त्यात तू गुरुजींची ती कविता म्हणणार होतीस. येता-जाता पायडलवर पाठ करायचीस.

पुढचं तू दर भाऊबीजेला सांगतेस. यंदाही सांगितलंस, वर्षालीला जवळ बसवून. "बाबानं एक दिवस म्हटलं, उद्यापासून शाळा बंद. तुझ्या आजोबानं किती विनवलं! 'बाबा, जाऊ द्या ना तिले.' दादा होता म्हणून ते चार महिने तरी मी सायकल चालवली." वर्षाली माझ्या गळ्यात पडली. डोमाजी तिथंच चहा पीत बसला होता, त्यानंही ऐकलं. आणि मी? मी करंजी खात होतो. सत्तावन्न वर्षं मी ती करंजी खातो आहे.

आता त्याच्या आदल्या दिवसाचं ऐक, जे तुला माहीत नाही.

त्या दिवशी मी अल्लीपूरच्या एसटी स्टँडवर कॉलेजच्या पोरांसोबत चहा पीत होतो. तू शाळेतून परतत होतीस. बाबाचा सदरा वाऱ्यानं फुगलेला, मफलर डोक्याला. एक जण म्हणाला, "हा कोन पहेलवान चालला रे कापूस वेचाले?" सगळे खिदळले. त्यांना ठाऊक नव्हतं की तू माझी बहीण. तेवढ्यात तू मला पाहिलंस. घंटी वाजवलीस, एक हात सोडून हलवलास, आणि ओरडलीस, "दादाऽ!"

मी चहाच्या कपात पाहत राहिलो.

घरी आल्यावर तू विचारलंस, "तुले दिसली नाई का मी?" मी म्हटलं, "धुकं होतं." नलू, धुकं केव्हाच उठलं होतं. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

त्या संध्याकाळी मी शेकोटीपाशी बाबाला सांगितलं, लोक हसतात, पोरीची सायकल बंद करा. बाबा काय म्हणाला ठाऊक आहे? "हासू दे. माहा सदरा हाय, माही पोरगी हाय. थंडी तिले वाजते का त्याइले?"

हेच ते वाक्य.

मी सोडलं नाही. म्हटलं, तिचं लग्न जमणार नाही, मला कॉलेजात तोंड दाखवायला जागा नाही. मग बाबा खूप वेळ काटकीनं निखारे सारत बसला. शेवटी म्हणाला, "तू शिकलेला हायस. तुले जास्त समजत असन."

सकाळी त्यानं तुला सांगितलं. सायकल नाही म्हणजे पाच मैलांवरची शाळाही नाही. तू रडायला लागलीस, आणि तुझं रडणं मला सहन होईना, म्हणून मी तुझ्यादेखत म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना तिले." ते विनवणं! बाबानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि तो बैल सोडायला निघून गेला.


३ जानेवारी २०२६, शनिवार

पुन्हा चार दिवस गेले. पत्राला काही झालं नाही, मलाच धीर होत नव्हता. पण वेळ थोडा उरला आहे. डोमाजीनं जाहीर केलं होतं की अल्लीपूरला शाळेच्या फाटकाशी आपल्या दोघांना हार घालायचे आणि त्यानं भाषण करायचं: भाऊ असावा तर असा. दोन पानं लिहून काढलं होतं भाषण! तू यायच्या आत हे तुला कळलं नसतं, तर मी त्या फाटकाशी हार घालून उभा राहिलो असतो. तेवढा निगरगट्ट मी असू नये, अशी इच्छा आहे.

शेवटचं राहिलं, आणि तेच सगळ्यात जड आहे.

तुझी शाळा सुटली त्याच आठवड्यात मी बाबाजवळ गेलो. म्हटलं, मी नलूला खरं सांगतो. बाबा कडबा कापत होता, हात न थांबवता म्हणाला, "नको सांगू. बाप काय, आज हाय उद्या नाई. भाऊ लागते पोरीले जनमभर. मी गेल्यावर तिनं मायेरी कोनाच्या दारात यावं?"

म्हणून तो वाईट झाला, नलू. तुझं माहेर शाबूत राहावं म्हणून. तू सासरी गेलीस, बाळंतपणाला आलीस, बाबाशी मोजून चार शब्द बोलायचीस, आणि तो अंगणात बसून तेवढे चार शब्द ऐकायचा. तो गेला तेव्हा तू आलीस, पण रडली नाहीस. मला म्हणालीस, "दादा, मले त्याचं काही वाटत नाई रे." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा तर अडवणारा बाबाही नव्हता. पण मला भाऊबीज हवी होती. खरं कारण हेच, दुसरं नाही.

आणि तो निळ्या रेघांचा सदरा. बाबानं पुन्हा कधी अंगात घातला नाही. थंडीत बंडीवर शेतात जायचा. आई ओरडायची, सदरा घाला म्हणून, तर म्हणायचा, "नलीचा हाय थो." आई गेल्यावर पेटीत मिळाला. कॉलर कसरीनं खाल्ली आहे, बाकी धड आहे. मी तो काल स्वतः धुतला, सुरभीला हात लावू दिला नाही. आता दोरीवर वाळतो आहे, गुलाबी चिमटे लावून. वाऱ्यानं अंगात कोणी असल्यासारखा फुगतो. मी सकाळपासून तीनदा खिडकीशी गेलो.

काल संध्याकाळी डोमाजीला सगळं सांगितलं. त्यानं खिशातून भाषणाचे कागद काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, "हे घ्या, छातीशी ठेवा, वारा नाई लागनार." उठून गेला. मला वाटलं, हा काही आता माझ्याबरोबर सायकलवर येत नाही. पण सकाळी फाटकात उभा होता, हँडलवर हात ठेवून. "मंग? बाईले सांगतलं का?" म्हटलं, पत्र लिहून होत आलंय. "लिवून काय होते? टाका ना पेटीत!"

खरंच आहे त्याचं. तुला सांगायला लाज वाटते, पण मंगळवारपासून हे पत्र माझ्या सदऱ्याच्या आत आहे. रोज, अर्धंच का होईना, टाकून द्यावं म्हणून निघतो, पोस्टाच्या लाल पेटीवरून सायकल पुढे जाते, आणि घरी येतो तेव्हा पत्र तसंच छातीशी. घड्या मऊ झाल्या आहेत, एका कोपऱ्याला घाम लागून शाई पसरली आहे, तेवढं समजून वाच. कालच्या पेपरापेक्षा ऊब चांगली देत होतं, हे मात्र खरं.

आता मी पाकिटाला गोंद लावून निघतो. बाहेर अजून धुकं आहे. आज आत पेपर घातलेला नाही, पत्रही असणार नाही. दारात थंडी वाजेल, वाजू दे.

करीच्या दिवशी तू आलीस तर बाबाचा सदरा घाल. तुला तेव्हाही मोठा होता, आताही होईल, बाह्या दुमडून घे. मी मागे राहीन, पुढे तू. फाटकाशी हार नाही, भाषण नाही. फक्त संमेलनाची ती कविता तेवढी म्हण, तुझी आहे ती. आणि माझ्यासोबत यायचं नसेल, तर सचिन तुला टेम्पोतून नेईल, मी घरी थांबेन. पण तो रस्ता तू सोडू नकोस. तुझ्यासाठी नसलं तरी बाबासाठी.

भाऊबीजेचं तू ठरव. मी विचारणार नाही.

या पत्राखाली 'तुझा दादा' लिहायला हात गेला होता. थांबवला. तेवढी जागा मोकळी ठेवतो आहे. तिथं काय लिहायचं, ते तूच लिही.

                                        
नत्थू